विकणे आहे, घाई अजिबात नाही

मंदीत घर विकायला काढलेला माणूस पहिल्याच वाक्याला खोटं बोलतो: "आम्हाला तशी काही घाई नाही." घाई नसती तर तेजी येईपर्यंत तो गप्प बसला असता. समोरचाही काही कमी नसतो. "आम्ही आपलं सहज बघतोय," असं म्हणत तो खिशातल्या टेपने खिडकी मोजत असतो. घाई लपवणं दोघांनाही भाग आहे. पण घाई करायचीच नाही असं मात्र नव्हे. जाहिरात देण्याआधीच ती सगळी उरकून घ्यायची असते. माझं ऐकाल तर घर किती दिवसांत विकलं जाणार हे ते बाजारात येण्याच्या आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. पुढचे महिने आपण फक्त त्याचा निकाल भोगतो.

आधी किंमत. आपल्या घराची किंमत आपण कशी काढतो? घेताना दिलेले पैसे, त्यावर भरलेलं व्याज, हौसेने करून घेतलेलं फर्निचर, वर थोडा मानसिक त्रास, आणि शेजाऱ्याने त्याच्या घराला मागितलेला आकडा. यातलं काहीही घेणाऱ्याच्या हिशेबात नसतं. शेजाऱ्याचा आकडा तर सर्वांत घातक, कारण मागायला पैसे पडत नाहीत. बघायचे ते प्रत्यक्ष झालेले, नोंदवलेले व्यवहार: तोच परिसर, जवळपास तेवढंच क्षेत्रफळ, तेवढंच जुनं बांधकाम, गेल्या तीन ते सहा महिन्यांतले निदान तीन-चार. बाजार उतरत असेल तर सहा महिन्यांपूर्वीचा व्यवहार इतिहासाच्या पुस्तकात टाकावा. सोबत आत्ता विकायला असलेली आणि कोणी न घेतलेली घरंही बघावीत. त्यांच्या जाहिरातीतला आकडा म्हणजे या किमतीला घर जात नाही याचा लेखी पुरावा.

या आजाराचं मोजमापही झालेलं आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास करून २००१ साली निष्कर्ष छापले. ज्यांच्यावर खरेदीपेक्षा कमी किमतीत विकायची वेळ आली होती, ते मालक त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम मागणीत चढवत होते. प्रत्यक्षात जास्तीचे हाती पडत ते तुटीच्या ३ ते १८ टक्के, आणि त्यासाठी घर जास्त काळ पडून राहत असे. गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेल्यांपेक्षा स्वतः राहणारे मालक यात साधारण दुप्पट हळवे निघाले. भिंतीवर पोरांच्या उंचीच्या खुणा असल्या की आकडा खाली यायला तयार होत नाही.

थांबण्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. घराची किंमत १०० धरा. त्यात अडकलेल्या पैशाचं वर्षाचं ६ टक्के व्याज म्हणजे महिन्याला अर्धा. कर, देखभाल, विमा, वीज मिळून आणखी पाव. बाजार महिन्याला अर्धा टक्का घसरत असेल तर एकूण सव्वा. म्हणजे ४ जास्त मिळावेत म्हणून चार महिने ताणून धरलं, तर ५ गेलेले असतात. वर "मी माझ्या किमतीलाच विकलं" हे समाधान फुकट.

आकडा लिहिताना आणखी एक खोच आहे. घेणारा टप्पे लावून शोधतो: ४० ते ५०, ५० ते ६०. घासाघिशीला जागा हवी म्हणून आपण ५० चे ५१ केले की पन्नासपर्यंतच्या सगळ्या शोधांतून आपण गायब. साठपर्यंत शोधणाऱ्यांच्या यादीत दिसतो खरे, पण तिथे शेजारी ५८ ची घरं असतात आणि त्यांच्यापुढे आपलं घर केविलवाणं वाटतं. नेमके ५० ठेवले तर दोन्हीकडच्या शोधांत आपण येतो. घासाघीस होणारच, तिला दोन-तीन टक्के मनात ठेवावेत. वीस टक्के चढवून "बघू, उतरू" म्हणणाऱ्याला उतरायची संधीच मिळत नाही, कारण घासाघीस करायलाही कोणी फिरकत नाही.

सर्वांत जास्त नजरा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पडतात. दबा धरून बसलेले खरे खरेदीदार नवीन घराची वाटच बघत असतात. त्यांनी एकदा "महाग आहे" म्हणून पान उलटलं की ते परत येत नाहीत. पुढे किंमत उतरवायचीच झाली तर एकदाच, जाणवेल एवढी, खालच्या टप्प्यात शिरेल अशी उतरवावी. दर पंधरवड्याला अर्धा-अर्धा टक्का कमी करणं म्हणजे उतरत्या बाजाराच्या मागे धावणं, आणि बघणाऱ्याला सांगणं की अजून थांबा, अजून उतरेन.

आता घर. बघायला येणारा माणूस नाही म्हणायचं कारण शोधत असतो. मंदीत त्याच्यापुढे दहा घरं असतात, आणि आपलं घर यादीतून खोडायला त्याला एक गळका नळ पुरतो. नळाचा वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात (एका हाताच्या दांडीचा नळ असेल तर वॉशर नव्हे, आतलं कार्ट्रिज बदलावं लागतं), पण थेंब पडताना दिसला की पाहुणा भिंतीतल्या पाइपांबद्दल विचार करू लागतो. दाराची कुरकुर बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडले की जाते. सैल कडी, तडकलेला स्विच, अर्धवट लागणारी खिडकी, हे सगळं एका शनिवार-रविवारचं काम आहे. नवीन स्वयंपाकघर वगैरे करत बसू नये. तो खर्च क्वचितच पूर्ण वसूल होतो, आणि येणाऱ्या बाईंना तो रंग हमखास आवडत नाही.

खरी परीक्षा ओलीची. ओल दिसली की आपल्याला रंगाचा डबा आठवतो. तो आठवू नये. ओलीचं मूळ तसंच ठेवून वरून रंग फासला तर पाण्याबरोबर आलेले क्षार भिंतीवर जमतात, लोणा लागतो, आणि काही आठवड्यांत पोपडे सुटतात. बहुधा बँकेचा मूल्यांकन करणारा यायच्या दिवशीच. आधी पाणी कुठून येतंय ते शोधावं. बाजारात मिळणारं जाड प्लॅस्टिक साधारण ४५ सेंटिमीटर चौरस कापून कोरड्या दिसणाऱ्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि एक दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला जमलं तर ते भिंतीतून येतंय: पाइप, वरचं न्हाणीघर, बाहेरची भेग. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर निवतेय. तिथे गवंडी नको, खिडकी उघडायला हवी. दुरुस्तीनंतर भिंत पुरती वाळू द्यावी, सुटलेला भाग खरवडून, पुट्टी-प्रायमर लावून मगच रंग. आणि रंग लावायचा तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला. मधेच चकचकीत चौकोन दिसला की पाहुणे तिथेच बोट ठेवतात.

वास हा मालकाला कधीच येत नाही. नाकाला सवय होते आणि ते तक्रार करणं थांबवतं. म्हणून एखादा स्पष्टवक्ता, शक्यतो थोडा आगाऊ परिचित बोलवून त्याला दारातच विचारावं. त्याने तोंड वाकडं केलं तर सुगंधी फवारा मारू नये. फवाऱ्याच्या मागे काय दडलंय हा प्रश्न मूळ वासापेक्षा महाग पडतो. न वापरलेल्या न्हाणीघरातून गटाराचा वास येत असेल तर बहुतेक वेळा जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं. त्या पाण्याचा अडसर गेला की खालची हवा सरळ वर येते. एक तांब्या पाणी ओता, काम झालं. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर त्यावर चमचाभर तेल सोडा, पाणी हळू उडतं.

पसारा हलवायचा म्हणजे सगळं एका खोलीत कोंबून तिचं दार ओढून घ्यायचं नव्हे. पाहुणे तेच दार उघडतात. कपाटंही उघडतात, अगदी निःसंकोचपणे. कपाट एक तृतीयांश रिकामं असेल तर घरात जागा भरपूर आहे असं वाटतं. उघडताच अंगावर गादी आली तर उलट वाटतं. फर्निचर मात्र सगळं काढू नये, कारण रिकामी खोली लहान दिसते आणि पलंग कुठे मावेल याचा अंदाज येत नाही.

फोटो दिवसा, पडदे उघडून, मोबाइल आडवा धरून, छातीच्या उंचीवरून, खोलीच्या कोपऱ्यातून. खोलीतले सगळे दिवे एकाच रंगाचे. एक निळसर आणि एक पिवळा असला की खोली आजारी दिसते. मोबाइलमधली अर्ध्या पटीची लेन्स टाळावी. तिच्यात हॉल मैदानाएवढा येतो, आणि प्रत्यक्ष आलेला माणूस दारातच फसवला गेल्यासारखा उभा राहतो. कमोडचं झाकण बंद. आरशात बनियनवर फोटो काढणारे गृहस्थ दिसत नाहीत ना, हे तपासावं. अशा जाहिराती मी इतक्या पाहिल्या आहेत की काही गृहस्थ आता ओळखीचे वाटतात.

मग पाहुणे येतात. तोंडभर कौतुक करणारे सहसा घेत नाहीत. "वा, काय छान ठेवलंय!" म्हणणारा पडद्यांच्या कल्पना न्यायला आलेला असतो. नाक मुरडणारा, पाण्याचा दाब किती म्हणून नळ सोडणारा, फ्रिजची जागा मोजणारा आणि बाहेर जाऊन बायकोशी हळू आवाजात भांडणारा, हा आपला माणूस. मालकाने शक्यतो घराबाहेर असावं. तेवढं जमत नसेल तर निदान तोंड बंद ठेवावं. मालक असला की पाहुण्याला मोकळेपणी दोष काढता येत नाहीत, आणि दोष काढल्याशिवाय कोणी घर घेत नाही. "का विकताय?" याचं खरं उत्तर एका वाक्यात तयार ठेवा. चार वाक्यांचं झालं की संशय.

दुखणं कुठे आहे ते आकडेच सांगतात. कोणी बघायलाच येत नसेल तर किंमत किंवा फोटो चुकलेत. भरपूर येतात पण बोलत कोणी नाही, तर फोटोत दिसलं ते इथे नाही किंवा याच किमतीत पलीकडे बरं मिळतंय. दुसऱ्यांदा येतात आणि कमी बोलतात, तर आपण जवळ पोहोचलोय. अशा वेळी अपमान वाटून न घेता आकड्यात उत्तर द्यावं.

एजंटबद्दल दोन शब्द. सर्वांत मोठा आकडा सांगणारा एजंट निवडू नये. तो आकडा घर मिळवण्यासाठी असतो, विकण्यासाठी नव्हे. पाच एजंटांना दिलं तर एकच घर पाच किमतींना झळकतं, आणि बघणारा सगळ्यांत खालच्या किमतीपासून बोलणी सुरू करतो. एकालाच ठरावीक मुदतीसाठी द्यावं आणि विचारावं: तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोणी आलं नाही तर काय करणार? स्टीव्हन लेविट आणि चाड सिव्हर्सन यांनी २००८ साली अमेरिकेतल्या व्यवहारांवरून दाखवलं की एजंट स्वतःचं घर विकताना ते गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि ३.७ टक्के जास्त मिळवतात. म्हणजे घाई असते ती गिऱ्हाइकाचं घर विकताना. आपल्याला लवकरच विकायचंय, तेव्हा एजंटची ही घाई आपल्याही उपयोगाची. फक्त तिचा खर्च कोणाच्या खिशातून जातोय एवढं माहीत असावं.

होकार आला म्हणजे घर विकलं गेलं असं नाही. मंदीतले व्यवहार होकार आणि सही यांच्या मधल्या खड्ड्यात पडतात. बँक सहसा ठरलेली किंमत आणि तिने काढलेलं मूल्य यांतलं जे कमी त्यावर कर्ज देते. मूल्य कमी आलं की फरक रोख भरायची वेळ घेणाऱ्यावर येते, आणि त्याचा फोन लागेनासा होतो. म्हणून कर्जमंजुरीचं पत्र हाती असलेला, दोन टक्के कमी देणारा माणूस मला तोंडी शब्दावर जास्त देणाऱ्यापेक्षा प्रिय आहे. आपले कागद तर जाहिरातीआधीच काढून ठेवावेत: मालकीची साखळी (पहिल्या मालकापासूनची सगळी खरेदीखतं), मंजूर नकाशा, कराच्या पावत्या, कर्ज बाकी असेल तर बँकेचा फेडीचा आकडा, सगळ्या सहमालकांची संमती. बाल्कनी विनापरवाना बंद करून घेतली असेल तर ती नकाशात कोणालाही दिसते. कागदोपत्री नावातली एक वेलांटी तीन आठवडे खाऊ शकते.

आणि शेवटी दिवाणखान्यातलं झुंबर. मोठ्या आकड्यावर एकमत झालेली माणसं झुंबरावरून उठून गेल्याची उदाहरणं या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात. जे न्यायचंय ते पहिला पाहुणा यायच्या आधीच काढून तिथे साधा दिवा लावावा. न पाहिलेल्या झुंबरावर कोणी हक्क सांगत नाही. जे राहणार त्याची यादी करारात लिहा: पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड, सगळं, नगासकट. ताबा देताना वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दोघांनी मिळून फोटोत घ्या, नाहीतर नव्या मालकाच्या आंघोळीचं बिल आपल्याला येतं. आणि बल्ब काढून नेऊ नका. नेणारे असतात. अंधारात होल्डर चाचपडत नवा मालक आपल्या घराण्याबद्दल जे बोलेल, त्यापुढे चार बल्बांची किंमत काहीच नाही.