टोपलीतली ‘आंबट’ कियान्ती: फिरत्या मेसेजचा पंचनामा

वाइनप्रेमींमध्ये कियान्ती या इटलीतल्या लाल वाइनबद्दल एक मेसेज अधूनमधून फिरत असतो: ‘कियान्ती म्हणजे गवताच्या टोपलीतली स्वस्त वाइन. बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असेल तीच अस्सल. मूळ कृतीत पांढरी द्राक्षं हवीतच. आंबट लागली तर बिघडली समजा. आणि प्यायची रूम टेंपरेचरलाच.’ सगळंच अर्धवट.

टोपलीचं आधी उरकू. हाताने फुंकलेल्या फियास्कोचं, म्हणजे कियान्तीच्या जुन्या पद्धतीच्या बाटलीचं, बूड गोल. ती उभी राहत नसे, वाहतुकीत फुटे. म्हणून गवताचं विणकाम. वेष्टणावरून माल ठरत नाही.

कोंबड्याचा घोळ मोठा आहे. फ्लॉरेन्स आणि सिएनामधल्या मूळ कियान्ती प्रदेशाची हद्द तिथला राज्यकर्ता कोसिमो तिसरा याने १७१६ साली आखली. १९३२ मध्ये हे नाव आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या मुलखाला मिळालं आणि मूळ भाग ‘क्लासिको’ झाला. १९९६ पासून तर दोन्हींचे नियमही वेगळे. कोंबडा फक्त क्लासिकोचा. क्लासिकोबाहेरच्या रूफिना या कियान्ती भागातल्या बाटलीवर तो असूच शकत नाही, म्हणून ती नकली ठरत नाही.

पांढऱ्या द्राक्षांसाठी कियान्तीचे जुने उत्पादक बेत्तिनो रिकासोली यांच्या १८७२ च्या पत्राचा दाखला देतात, पण ते नीट वाचत नाहीत. त्यांच्या मते सुगंध आणि जोम सांजोवेझे या काळ्या द्राक्षाचा, मऊपणा कानाइओलो या दुसऱ्या काळ्या द्राक्षाचा. माल्वाझिया ही पांढरी द्राक्षं लवकर प्यायच्या वाइनपुरती, मुरवायची असेल तर टाळावी. १९६७ च्या नियमांनी मात्र पांढरी द्राक्षं सक्तीची केली, १० ते ३० टक्के. वाइन पातळ झाली, टिकेना. चांगले उत्पादक वैतागले आणि आपली उत्तम वाइन साध्या ‘टेबल वाइन’च्या लेबलखाली विकू लागले! आज क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं आणि २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे. साध्या कियान्तीत १० टक्क्यांपर्यंत चालतात, सक्ती नाही.

आंबटपणा हा सांजोवेझेचा स्वभाव आहे, आंबट चेरीसारखा. टोमॅटोच्या सॉसपुढे कमी आम्लाची वाइन मिळमिळीत लागते, ही टिकून राहते. बिघाड नाकाने ओळखावा: ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित, व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा आला तर जिवाणूंचं काम. नव्या वाइनचा रंग तपकिरी आणि चव बोथट असेल तर हवा लागली आहे.

राहिलं तापमान. ‘रूम’ म्हणजे युरोपातली जुनी गार खोली, मे महिन्यातलं पुण्याचं घर नव्हे. १६ ते १८ अंश हवेत. तीस अंशांच्या आसपास तापलेल्या बाटलीला फ्रिजमध्ये तास-दीड तास लागतो. बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ नको, पाण्याशिवाय तो बाटलीला सगळीकडून भिडत नाही. फार गार झाली तर टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, जिभेवर खरखरतं. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडं थांबायचं.