सदिशांचे तास बंद झालेले नाहीत

‘पहिल्या वर्षाला फिजिक्समध्ये सदिश शिकवणार नाहीत, फक्त व्हिडिओ’ हा पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज खरा नाही. सदिश (व्हेक्टर) म्हणजे बलासारखी, आकारमानाबरोबर दिशाही असलेली राशी; तो तास मीच घेते. व्याख्या आणि घटक काढण्याची रीत तेवढी घरी व्हिडिओत बघायची. वर्गातला अख्खा वेळ गणितांना. ३ आणि ४ न्यूटनच्या बलांची बेरीज? कुणी ७ म्हणतं, कुणी पायथागोरस आठवून ५. कोनानुसार ती १ ते ७ मध्ये काहीही येते. असा गोंधळ एकट्यानं व्हिडिओ बघून सुटत नाही.

‘अशा तासात कमीच शिकायला मिळतं’ ही मुलांची तक्रार मात्र समजते. हार्वर्डच्या फिजिक्स वर्गांवरच्या २०१९च्या अभ्यासात, स्वतः गणितं सोडवणारी मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं कमीच शिकलो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.