लामालेराच्या पोरांनी जायचं कुठे?

व्हेल मारतानाचा एक व्हिडिओ सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. समुद्र लालभडक, होडीच्या टोकावरून एक माणूस लांब बांबूला लावलेल्या भाल्यासकट स्वतःच व्हेलवर झेपावतो, आणि खाली कमेंटी: रानटी, राक्षस, बंदी घाला यांच्यावर. ते गाव लामालेरा. पूर्व इंडोनेशियात, फ्लोरेसच्या पलीकडे लेंबाता नावाचं बेट आहे, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर. मी तिथे जाऊन आलेय. त्या कमेंटी वाचून गप्प बसवेना, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधी गाव समजून घ्या. वस्ती जेमतेम दीड-दोन हजार. ज्वालामुखीच्या दगडांचा उभा चढ, त्यावर घरं, खाली काळ्या वाळूचा छोटा किनारा. शेती करायला जमीन म्हणावी अशी नाहीच. लेवोलेबा या जिल्ह्याच्या गावाहून ट्रकमध्ये बसलात की अंग खिळखिळं होईपर्यंत काही तास जातात. अशा ठिकाणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली ती समुद्रावर. मे महिना लागला की किनाऱ्यावर मिस्सा होते (गाव कॅथलिक आहे) आणि शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी सगळं गाव किनाऱ्यावर बसून वर्षभरातली भांडणं मिटवतं. घरात तंटा ठेवून समुद्रात गेलं तर भाला चुकतो, माणूस परत येत नाही, अशी त्यांची पक्की श्रद्धा आहे. भाला मारणाऱ्याला म्हणतात लामाफा. एका बाजूला कित्येक टनांचा स्पर्म व्हेल, दुसऱ्या बाजूला खिळा न वापरता, लाकडी खुंट्यांनी जोडलेली होडी. त्यात माणसं मरतात, हातपाय गमावतात. वर्षाला सरासरी वीसेक व्हेल मिळतात, काही वर्षं त्याहून फार कमी. निळ्या व्हेलला ते हात लावत नाहीत, तो पूर्वजांचा मानतात.

आता दुसरा आकडा. विसाव्या शतकात औद्योगिक शिकारीत एकट्या स्पर्म व्हेल सात लाखांहून जास्त मारल्या गेल्या. बहुतेक तेलासाठी. ते करणारे बरेच देश आज श्रीमंत आहेत, आणि व्हेल कमी झाल्या त्याचा जाब मात्र या गावाला विचारला जातोय. मला हा सरळ अन्याय वाटतो.

पण माझं खरं म्हणणं व्हेलबद्दल नाहीच. व्हेलच्या वादात या गावाचा खरा प्रश्न कुणाला दिसतच नाही, आणि तो प्रश्न रोख पैशाचा आहे.

व्हेल किनाऱ्याला लागली की तिचे वाटे ठरलेले असतात. लामाफाचा वाटा, खलाशांचा, होडी बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याचं पातं घडवणाऱ्या लोहाराचा, शिडं शिवणाऱ्याचा, होडीची मालकी असलेल्या कुळाचा, जमिनीच्या मूळ मालक कुळाचा. मग त्या वाट्यातून विधवा, म्हातारे, आजारी यांच्याकडे मांस जातं. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण होते खरी, पण इथे वाट्यासाठी कुणाला कुणाच्या उंबऱ्याबाहेर ताटकळावं लागत नाही. आणि हे मांस विकण्यासाठी नसतं. ते उन्हात वाळवतात आणि बायका ते डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गावांकडे चालू लागतात.

जवळच वुलांदोनी म्हणून जागा आहे, तिथे शनिवारी बाजार भरतो. हा बाजार मी बघितला. बायका समोरासमोर माल मांडून बसलेल्या: इकडे वाळवलेलं मांस, मासळी, मीठ, चुना, तिकडे मका, केळी, रताळी, सुपारी, पानं. आधी बाजाराचा कर गोळा होतो, तोही मालातच. मग शिट्टी वाजते, आणि क्षणात सगळ्या उठतात. पैसा दिसत नाही. मांसाच्या एका पट्टीला बारा कणसं किंवा बारा केळी, हा जुना दर. माझ्यासमोर एका म्हातारीने कणसं एकेक करून सोलून दाणा बघितला, किडलेली दोन बाजूला सारली आणि समोरचीने मुकाट्याने दुसरी दोन ठेवली. आवाज नाही, घासाघीस नाही. डोंगरातल्या माणसाला मीठ-मासळी लागते, समुद्राकाठच्या माणसाला धान्य लागतं, आणि दोघांनाही हे माहीत आहे.

या व्यवस्थेने पोट भरतं. पण शाळेची फी कणसांनी भरता येत नाही. होड्यांना इंजिनं लागली तसं पेट्रोल लागायला लागलं, आणि पेट्रोलवाल्याला वाळवलेलं मांस नको असतं. मोबाईलचा रिचार्ज, दवाखान्यापर्यंतचं ट्रकभाडं, सगळं रोखीत. ही रोकड गावात तयारच होत नाही.

म्हणून पोरं जातात. एक वाट शाळेची. मिशनऱ्यांनी इथे शाळा लवकर आणली, आणि एवढ्याशा गावातून धर्मगुरू, शिक्षक, प्राध्यापक बाहेर पडले. इंडोनेशियातल्या कित्येक पिढ्या ज्यांची व्याकरणाची पुस्तकं वाचून शिकल्या ते भाषातज्ज्ञ गोरिस केराफ लामालेराचेच. 1999 ते 2001 देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफही इथलेच. व्हेलची शिकार करणाऱ्या गावाचा मुलगा पर्यावरणमंत्री! ज्यांनी 'रानटी' लिहिलंय त्यांनी हे जरूर वाचावं.

दुसरी वाट मलेशियाची. नुनुकान या इंडोनेशियाच्या सीमेवरच्या बंदरावरून मलेशियाच्या सबाह राज्यात, पामतेलाच्या मळ्यांत. लेंबाता, आदोनारा, फ्लोरेसची माणसं कित्येक दशकं या वाटेने जातायत, पुष्कळ जण कागदपत्रांशिवाय. 2002 मध्ये मलेशियाने कायदा कडक केला तेव्हा हजारो माणसं नुनुकानमध्ये अडकून पडली, आजाराने कित्येक मेली. आजही लेंबाता ज्यात येतं त्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात परदेशी कामाला गेलेल्यांच्या शवपेट्या विमानाने येतात. 2019 या एका वर्षात शंभराहून जास्त आल्या. 2023 मध्ये इथे गरिबीचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास होतं, देशाची सरासरी साडेनऊच्याही खाली असताना.

बाहेरच्यांनी उपाय सुचवले नाहीत असं नाही. 1973 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नॉर्वेचा व्हेलशिकारी तज्ज्ञ पाठवला होता, शिकार आधुनिक करायला! तो प्रयोग फार टिकला नाही. पुढच्या काळात दुसरे आले, शिकार थांबवा म्हणून सांगायला. 2014 मध्ये मांटा रे या माशाला देशभर संरक्षण मिळालं; लामालेराचे लोक त्याचीही शिकार करायचे. इथे मी गावाची बाजू डोळे मिटून घेणार नाही: मांटाच्या कल्ल्यांना चीनमध्ये भाव आल्यावर त्याची शिकार पोटापुरती राहिली नव्हती, ती थांबायलाच हवी होती. पण थांबवताना त्या घरांत त्याऐवजी काय येणार, हे कोण विचारणार? 'व्हेल दाखवायचं पर्यटन करा' हे सांगणं सोपं आहे. रस्ता फुटलेला, व्हेल कधी येईल याचा भरवसा नाही, आणि चार पाहुणे आले तर पैसे ज्याच्याकडे जादा खोली आहे त्याच्या खिशात जाणार. लोहाराला, विधवेला त्यातला वाटा कुठून मिळणार?

मला वाटतं सुरुवात पगारापासून करावी. इंडोनेशियात कंत्राटी शिक्षक-नर्स असतात, त्यांना होनोरेर म्हणतात. अशा दूरच्या गावांत त्यांना महिना तीन-चार लाख रुपिया मिळाल्याची उदाहरणं सर्रास आहेत, म्हणजे आपले जेमतेम दोन हजार. शिकलेली मुलगी एवढ्यावर गावात का राहील? तीच मुलगी कायम नोकरीवर, पुऱ्या पगारावर त्याच गावच्या शाळेत आली, तर दर महिन्याला रोकड गावात येईल आणि तिच्या घरच्या कुणाला सबाहची बोट पकडावी लागणार नाही. 2015 पासून प्रत्येक गावाला केंद्राकडून थेट निधी येतो. त्यातून लामालेरात मासळीसाठी बर्फ आणि शीतपेटी आली, तर हंगामात पकडलेला टुना लेवोलेब्यात रोखीने विकता येईल, आणि व्हेलचे वाटे जसे आहेत तसे राहतील. शिकार ठेवायची की सोडायची हे ते गाव त्या किनाऱ्यावर बसून ठरवेल, जशी भांडणं मिटवतं तसंच. तो व्हिडिओ फॉरवर्ड करायचाच असेल तर कृपया त्याबरोबर एवढंही पाठवा.