साबुदाण्यात थर्माकोल? आधी हे वाचा

‘थर्माकोलच्या कारखान्यातलाच दाणा साबुदाणा म्हणून विकतात. चिमूटभर जाळून बघा, काळा पडला की प्लास्टिक समजा. त्यातला वायू ओझोन खातो आणि पोटात कॅन्सर करतो.’ हा मेसेज सांगलीत घरोघरी पोचलाय. माझ्या आत्यानं तो वाचून एकादशीसाठी आणलेला साबुदाणा उकिरड्यावर टाकला आणि अख्खा दिवस पाण्यावर काढला. या वयात! म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक आहे ते जाळून बघणं. साबुदाणा म्हणजे टॅपिओका या कंदाचं स्टार्च. जाळलं की ते काळंच पडणार, तव्यावर राहिलेली पोळी पडते तसं. म्हणजे या परीक्षेत चांगला साबुदाणाही नापास! आणि दाणा खरंच पॉलिस्टायरीनचा, म्हणजे थर्माकोलच्या प्लास्टिकचा निघाला तर? दाट काजळी, त्यात स्टायरीन (थर्माकोल ज्यापासून बनतं ते रसायन) आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, तेही बंद स्वयंपाकघरात. लेकरंबाळं असलेल्या घरात हे करायला सांगताना काहीच कसं वाटत नाही?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मोल्डिंग युनिटमध्ये थर्माकोलचा कच्चा दाणा मी हातात घेतलाय. बारीक, कडक, चकचकीत. पाण्यात ढवळत ठेवलेल्या स्टायरीनच्या थेंबांचं पॉलिमर, म्हणजे घट्ट प्लास्टिक, करून त्यात साधारण ५-६ टक्के पेंटेन (चटकन वाफ होणारं द्रव) मुरवलेलं असतं. वाफ दिली की दाणा मऊ पडतो, पेंटेन त्याला फुगवतं आणि आकारमान ४० पटींपर्यंत जातं. फुललेला दाणा हाताला असा चिकटतो की झटकूनही सुटत नाही. आता हा भिजत घाला. कच्चा असेल तर सकाळी तळाशी तसाच कडक, फुललेला असेल तर वर तरंगत. गरम तुपात आकसून चिकट गोळा. भिजून मऊ होणारा आणि शिजून काचेसारखा दिसणारा तो साबुदाणाच.

ओझोनचं म्हणाल तर दाणा पेंटेननं फुगतो, सीएफसी या ओझोन खाणाऱ्या वायूनं नाही. विषय संपला.

कॅन्सरच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये स्टायरीनला गट २ए मध्ये, म्हणजे ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ असं ठरवलं. पण ते स्टायरीनबद्दल, त्यापासून बनलेल्या थर्माकोलच्या दाण्याबद्दल नाही. त्याचा खरा त्रास स्टायरीनच्या वाफेत पाळ्या करणाऱ्या कामगारांना, आणि त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. थर्माकोलच्या कपातल्या गरम चहात थोडं स्टायरीन उतरतं, हेही खरं. ते कप राज्यात २०१८ पासून बंद आहेत. कुणी दिला तर घेऊ नका.

साबुदाणा जास्तच पांढराफेक दिसला, ब्लीचची शंका आली, तर पाकीट आणि पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तपासणी प्रयोगशाळेत होऊ दे, गॅसच्या शेगडीवर नको.