‘तुमच्या ग्रिडमुळे भिंत दहा थर वर गेली’: गुहागरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ब्लेंडरमध्ये चिऱ्याच्या एका थराएवढं ग्रिड ठेवा’ हे माझ्या आधीच्या लेखातलं ऐकून (ब्लेंडर म्हणजे थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, ग्रिड म्हणजे त्यातली मापाच्या रेघांची जाळी, चिरा म्हणजे बांधकामाचा जांभा दगड) तुम्ही गुहागरच्या घराचं मॉडेल करायला घेतलंत. अख्खं घर दिसावं म्हणून समोरच्या दृश्यात झूम आउट केलंत, पडवीची भिंत एक थर उचलायला गेलात आणि ती दहा थर चढली. ‘आकडे टाईप करायला शिकवा, ग्रिडचे लाड पुरे,’ असं तुम्ही लिहिलंत.

भिंत उडाली त्याचा दोष माझ्याकडे. ऑर्थोग्राफिक, म्हणजे समोरून किंवा वरून सपाट दिसणाऱ्या दृश्यात इन्क्रिमेंट स्नॅपची (वस्तू ठरावीक पायऱ्यांनीच सरकवणाऱ्या सोयीची) पायरी झूमप्रमाणे बदलते, हे मी लिहायला हवं होतं. लांब गेलात की बारीक रेघा विरतात, दहापट अंतराच्या रेघा उरतात आणि स्नॅप त्या उरलेल्या रेघांचं ऐकतो. म्हणून भिंत हलवण्याआधी थराची रेघ डोळ्यांना दिसेल इतकं जवळ जायचं. घर पुन्हा अख्खं बघायचं तर होम दाबा.

आणखी एक गोष्ट त्या लेखात राहून गेली, आणि ती जास्त छळते. इन्क्रिमेंट स्नॅप मोजतो तो वस्तू जिथे उभी आहे तिथून. भिंत मुळात दोन इंच सरकलेली असेल तर दहा वेळा स्नॅप केलंत तरी ती दोन इंच सरकलेलीच राहणार. रेघेवरच बसवायची तर जुन्या आवृत्तीत ॲब्सोल्यूट ग्रिड स्नॅपची खूण करा. नव्यात स्नॅपच्या यादीत ‘ग्रिड’ हा पर्याय वेगळा दिलाय.

पण ग्रिड सोडून द्या, हे मला मान्य नाही. वेंगुर्ल्याजवळच्या ज्या घरावरून मी ते लिहिलं, तिथला चिरा मी स्वतः टेप लावून मोजला होता: 14 इंच लांब, 9 रुंद, 7 उंच. वर अर्ध्या इंचाचा दर्जा, म्हणजे दोन थरांमधला सांधा. म्हणजे थर साडेसात इंचांचा, 19.05 सेंटिमीटर. युनिट मेट्रिक असताना ग्रिडच्या स्केलमध्ये 0.1905 टाकलं आणि समोरून बघितलं. दहा फुटी भिंत बरोबर सोळा थरांत बसली. दाराची चौकट मात्र सात फुटांची, तिचं डोकं अकराव्या थराच्या वर दीड इंच निघालं. गवंड्याने तिथे काय केलं असतं? बाराव्या थराचा प्रत्येक चिरा खालून तासत बसला असता. आम्ही चौकट 6 फूट साडेदहा इंच केली, ती अकराव्या थराबरोबर आली आणि तासकाम वाचलं. ‘84 इंच’ हा आकडा टाईप करताना यातलं काहीच दिसत नाही, आकडा बिनचूक असूनही. म्हणून मी दोन्ही वापरतो. नेमकं अंतर हवं तिथे जी (सरकवा) आणि झेड (उभ्या दिशेत) या कळा दाबून आकडा. थर जुळतात का ते बघायला ग्रिड.

कौलाजवळ गेल्यावर ते कापल्यासारखं दिसतं, ही तुमची दुसरी तक्रार. ग्रिडचा तिच्याशी संबंध नाही. एन दाबून व्ह्यूच्या पानावर क्लिप स्टार्ट, म्हणजे किती जवळपासून दाखवायचं ते अंतर, कमी करा. मात्र तो अगदी बारीक आणि क्लिप एंड (किती लांबपर्यंत दाखवायचं ते) अवाढव्य असं एकत्र ठेवू नका, एकमेकांना चिकटलेले पृष्ठभाग लुकलुकायला लागतात.

माझा 0.1905 तुमच्या घराला तसाच लावू नका, हेही तेव्हाच सांगायला हवं होतं. खाणीखाणीत चिऱ्याचं माप बदलतं. तुमच्याकडे येतो त्यातले पाचसहा चिरे मोजा, गवंडी दर्जा किती धरतो ते त्यालाच विचारा आणि दोन्ही आकडे इथे लिहा. तुमच्या पडवीची उंची किती थरांत बसते ते आपण मिळून काढू.