नवा साप रोज हाताळल्याने माणसाळत नाही

साप पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातले सल्ले थोडक्यात असे : नवा साप पहिल्या दिवसापासून रोज तासभर हातात घ्या, लवकर माणसाळतो. पहिल्याच रात्री खायला द्या, सोबत वाटीभर दूध ठेवा. मराठवाड्यात ऊन भरपूर आहे, तेव्हा पेटी खिडकीत ठेवली की झालं. आणि विकत घेणं परवडत नसेल तर शेतातली धामण धरा, ती बिनविषारी असते. लातूर-नांदेडकडची शाळकरी पोरंही हे खरं मानायला लागली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हाताळण्याचं. आपल्याकडे बहुतेक जण बॉल पायथन घेतात. हा मूळचा आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं आत दडवतो. नेमकी हीच पोझ लोक 'बघा, किती शांत आहे' म्हणून फोटो काढून टाकतात. तो शांत नसतो, भेदरलेला असतो. नव्या घरातले वास, हादरे, उजेड हे सगळंच त्याला परकं असतं. पहिला आठवडाभर पाणी बदलणं आणि घाण काढणं यापलीकडे पेटीत हात घालू नका. त्याने दोन-तीनदा नीट खाल्लं की मग पाच-दहा मिनिटं, अंगाला खालून आधार देऊन घ्या. खाल्ल्यानंतर ४८ तास अजिबात नाही, भक्ष्य ओकून टाकतो. साप कुत्र्यासारखा लळा लावत नाही. या वासाच्या माणसापासून धोका नाही, एवढंच तो हळूहळू शिकतो, आणि ते घाईने होत नाही.

खाण्याचीही घाई नको. आठवड्याने पहिलं भक्ष्य द्या : मेलेलं, कोमट केलेलं, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढ्या जाडीचं. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो, आणि घरात पकडलेल्या उंदराने औषध खाल्लेलं असू शकतं. बॉल पायथन कधीकधी कित्येक आठवडे तोंड लावत नाही. मोठा असेल आणि वजन टिकून असेल तर घाबरू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोलत राहा. पिल्लू असेल किंवा वजन उतरत असेल तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

दूध सापाचं अन्नच नाही, ते त्याला पचत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप कोणताही द्रव पितो, त्यावरून त्याला दूध आवडतं असं ठरत नाही. स्वच्छ पाण्याचं जड भांडं ठेवा.

खिडकीचा सल्ला तर जीवघेणा आहे. उन्हातली काचेची पेटी बघता बघता भट्टी होते, आणि सापाला पळायला जागा नसते. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात. म्हणजे मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना, आपल्यापुढे प्रश्न ऊब देण्याचा नसून गारवा टिकवण्याचा असतो. पत्र्याच्या खोलीत पेटी नकोच. जुनं माळवदाचं घर असेल तर त्यातली आतली खोली उत्तम. दुपारी लाइट गेली तर बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या झाकणावर ठेवा. कूलर खोलीत चालू द्या, पण झोत पेटीवर नको. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट. परभणीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि गारठलेल्या सापाला खाल्लेलं पचत नाही. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, लावाच, पण तापमान आपोआप आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय नको, साप खालून भाजतो.

आपल्या कोरड्या हवेची अडचण वेगळीच आहे. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे निळसर, धुरकट होतात. दमटपणा कमी पडला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहतो. तो नखाने सोलू नका, डोळा जाईल. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेला, भोक पाडलेला डबा आत ठेवा. लपायला गरम टोकाला एक आणि थंड टोकाला एक, अशा दोन जागा हव्यातच. उघड्या, रिकाम्या पेटीत साप रात्रभर काचेवर नाक घासत फिरतो.

राहिली धामण. बिनविषारी असली तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिलाही लागू आहे. तिला धरणं आणि पाळणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. विकत घेतलेला बॉल पायथनही बिनकागदाचा चालत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, तेव्हा विकणाऱ्याकडून कागद घ्या. धामण सोयाबीनच्या बांधावरचे उंदीर खाते, ती तिथेच हवी. कुणी धरून ठेवली असेल तर स्वतः कुठेही सोडू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच फोन करा.