‘हार्टबर्न’मधल्या पाककृती काढून टाका म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

अमेरिकन लेखिका नोरा एफ्रनच्या, स्वतःच्या मोडलेल्या लग्नावर बेतलेल्या ‘हार्टबर्न’ या कादंबरीवरच्या माझ्या लेखाला आपण लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देते. नवरा सात महिन्यांच्या गरोदर बायकोला फसवतो आणि बाई सॅलडचं ड्रेसिंग शिकवत बसते, हे आपल्याला उथळ वाटलं. ‘पाककृती काढून टाकल्या तरी कादंबरीला ओरखडाही उठणार नाही,’ असं आपण म्हणता. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणताना लेखिकेने मुलांचा विचार केला नाही, पैसेवाल्या अमेरिकनांच्या दुःखाशी आपलं देणंघेणं नाही, सिनेमाचं वर्ष मी चुकवलं, आणि शेवटी, ‘अशी पुस्तकं डोक्यावर घेणाऱ्या बायकांना संसार म्हणजे काय ते कळलेलंच नसतं.’

सुरुवात या शेवटच्या वाक्यापासूनच करावी लागते. आपण मला ओळखत नाही. माझ्या लेखाखाली ज्या दहाबारा जणींनी ‘पुस्तक आवडलं’ असं लिहिलं त्यांनाही ओळखत नाही. पुस्तक न आवडण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि न आवडणारे पुष्कळ आहेत. 1983 साली ते आलं तेव्हापासून त्यावर दोन तट पडलेले आहेत. पण पुस्तक आवडलं म्हणून वाचणारीच्या संसारावर शेरा मारायचा, ही टीका नव्हे. हाच मुद्दा सभ्यपणे मांडता आला असता, आणि मग हे उत्तरही निम्मं झालं असतं.

आता पाककृती. मी एकवीस वर्षं पाककृतींची पानं संपादित केली आहेत आणि या कादंबरीतल्या बऱ्याच कृती करून पाहिल्या आहेत. म्हणून हे एक वाक्य मी सोडणार नाही.

कादंबरीची निवेदक रेचल सॅमस्टॅट पाककृतींची पुस्तकं लिहिते. तो तिचा पेशा आहे, स्वैपाकाचा नाद नव्हे. लहान मुलांच्या गाण्यांच्या एका पुस्तकावर नवऱ्याच्या प्रेयसीने, थेल्माने, त्याला लिहिलेला मजकूर तिला सापडतो आणि तिथून सगळं कोसळतं. अशी बाई स्वतःची गोष्ट सांगणार ती कोणत्या भाषेत? वकील असती तर कलमांत बोलली असती. ही चमच्यांच्या मापात बोलते. गोष्ट पुढे सरकवताना मध्ये पाककृती बसवणं अवघड जातं, असं ती स्वतःच एके ठिकाणी सांगते. आपण ते वाक्य बहुधा कबुलीजबाब म्हणून वाचलंत. मी ते कामाच्या माणसाचं बोलणं म्हणून वाचते.

बटाट्यांचा भाग पुन्हा काढून बघा. प्रेमाच्या सुरुवातीला बटाटे कुरकुरीत हवेत, असं ती सांगते. पोटॅटोज ॲना म्हणजे बटाट्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या. त्या झटपट कापायच्या, कारण उघड्यावर काळ्या पडतात, मग एकेक पुसून कोरडी करायची, भरपूर लोण्यात जाड बुडाच्या पॅनमध्ये थर लावायचे आणि शेवटी सगळं उलटायचं. चकतीत पाणी राहिलं की ती भाजण्याऐवजी वाफवते आणि तळाला धरते. हा एवढा खटाटोप माणूस कोणासाठी करतो? नव्या माणसासाठी. मधल्या काळात बटाटे मागे पडतात. नवऱ्याने एक दिवस कमी चरबीचं, कमी मिठाचं पथ्य जाहीर केलं की समजायचं, शेवट जवळ आला.

शेवटाला मऊ कुस्करलेला बटाटा. एक मोठा किंवा दोन लहान बटाटे मिठाच्या पाण्यात किमान वीस मिनिटं शिजवायचे. पाणी काढून टाकायचं आणि त्याच भांड्यात मंद आचेवर हलवत ओल उडवायची. मग सोलून जाळीच्या यंत्रातून काढायचे. लगेच एक मोठा चमचा घट्ट साय, हवं तितकं वितळलेलं लोणी, मीठ, मिरपूड. आपल्याकडे यासाठी पुरणयंत्र उत्तम, बारीक भोकांची ताटली लावून. मिक्सरला मात्र लावू नका. पातं फिरलं की बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च मोकळा होतो आणि खळ तयार होते. ओल उडवण्याची पायरी गाळलीत तर लोणी आत जिरत नाही, वर तरंगतं.

आणि कृतीच्या खाली काय लिहिलंय? एका माणसापुरतं.

या बाईच्या घरी दोन वर्षांचा मुलगा आहे, पोटात सात महिन्यांचं बाळ आहे, एक नवरा आहे, आणि कृती एका माणसापुरती. वाडगा घेऊन अंथरुणात शिरायचं आणि प्रत्येक घासाला थंड लोण्याची पातळ चकती लावायची. मग ती म्हणते की यालाही जवळजवळ कुरकुरीत बटाट्यांइतकीच मेहनत पडते. दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगावं, पण करून देणारं कोणी नाही म्हणूनच तर मन खचलेलं असतं. हे तीन उतारे काढून टाका आणि मग मला सांगा, लग्न संपल्याचं इतक्या कमी शब्दांत कादंबरीत दुसरं कुठे आलंय?

‘की लाइम पाय’ म्हणजे बिस्किटांच्या कवचात भरलेला लिंबाचा गोड पदार्थ. त्याचंही तेच. बिस्किटांच्या चुऱ्याचं नऊ इंची कवच, सहा अंड्यांचे पिवळे बलक फेटून, एक कप लिंबाचा रस, कंडेन्स्ड मिल्कचे चौदा औंसांचे दोन डबे (आपल्याकडचा चारशे ग्रॅमचा डबा जवळपास तेवढाच), एक मोठा चमचा किसलेली साल. हे ओव्हनमध्ये जात नाही, फ्रीझरमध्ये जातं. लिंबाच्या आम्लाने दुधातली प्रथिनं घट्ट होतात. की लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबूच, त्यामुळे चव इथे मुळाबरहुकूम येते. साल मात्र फक्त हिरवी किसायची, पांढरा भाग आला की कडू झालंच. वर फेटलेली साय लावून पाच मिनिटं बाहेर ठेवायचं. म्हणजे रेचल तो पाय नवऱ्याच्या तोंडावर फेकते तेव्हा तो पसरण्याइतका मऊ झालेला असतो. ब्लूबेरीचा असता तर नवा कोट कायमचा गेला असता, याची तिला हळहळ वाटते. कृती हातात नसेल तर हा प्रसंग सिनेमातली मारामारी होऊन बसतो.

आता आपल्याला खटकलेलं ड्रेसिंग, म्हणजे व्हिनेग्रेट. दोन मोठे चमचे डिजॉन मोहरी (फ्रेंच पद्धतीची वाटलेली तयार मोहरी), दोन मोठे चमचे चांगलं रेड वाइन व्हिनेगर, मग काट्याने सतत फेटत सहा मोठे चमचे ऑलिव्ह तेल, हळूहळू. मोहरी, व्हिनेगर, तेल यांचं प्रमाण एक, एक, तीन. तेल आणि व्हिनेगर एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना धरून ठेवते ती मोहरी. तेल एकदम ओतलंत तर फाटलंच. धार बारीक हवी आणि मिश्रण दाट, सायीसारखं दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. आपली फेसलेली मोहरी इथे चालत नाही, ती नाकात जाते आणि कडवट उतरते.

हे व्हिनेग्रेट नवऱ्याचा जीव की प्राण. हे सोडून तो जाऊच कसा शकतो, यावर तिचा विश्वास बसत नाही. ही कृती ती हातची सोडत नाही, कारण थेल्माकडे नाही असं तिच्याजवळ एवढंच उरलंय. आणि पाय फेकल्यावर, घर सोडण्याआधीच्या रात्री, ती त्याला ते करायला शिकवते. आपण लिहिता, ‘शिकवत बसते’. अहो, तो निरोप आहे! इथे रडारड नाही, भाषण नाही, फक्त दोन-दोन-सहा चमचे. हे वाचून ज्याला पाककृती ‘घुसडलेली’ वाटते, त्याने शेवटचं प्रकरण घाईत उरकलं असणार. दुसरं कारण मला दिसत नाही.

एवढ्या दुःखात विनोद कशाला, याचं उत्तर कादंबरीतच आहे. प्रत्येक गोष्टीचा किस्सा का करतेस, असं विचारल्यावर रेचल सांगते की किस्सा मी सांगितला तर तो माझ्या ताब्यात राहतो आणि दुखणं कमी होतं. त्यात मी भर घालणार नाही.

मुलांबद्दल: एफ्रन आणि तिचा आधीचा नवरा कार्ल बर्नस्टीन यांचे दोन्ही मुलगे पुस्तक आलं तेव्हा अगदी लहान होते, हे खरं. थोरल्याने, जेकबने, पुढे आईवर माहितीपट केला आणि त्यात वडीलही बोलले आहेत. त्या घराचा हिशेब त्या घराने केला, आपण आणि मी कशाला करायचा? पैसेवाल्यांचं दुःख हा मुद्दा तर मी चर्चेलाच घेत नाही. त्या न्यायाने अर्धं वाङ्मय बाद होईल.

सिनेमाचं वर्ष मात्र माझं चुकलं. मी 1987 लिहिलं होतं, माइक निकोल्सचा तो सिनेमा 1986चा. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून.

पुढची प्रतिक्रिया कादंबरीवर असेल तर कितीही कडक असली तरी राहील. बायकांच्या संसारावर असेल तर मी ती काढून टाकेन.